तिसऱ्या खणातला टेकू

गेल्या रविवारी परत जुन्या नाशकात जाऊन बसले होते, सकाळी सातपासून साडेदहापर्यंत, घरी आले तरी कपड्यांना त्या चुन्या-मातीचा वास होता, तेव्हाच ठरवलं की आज हे लिहूनच टाकायचं. किती दिवस लिहीन लिहीन म्हणतीये. मला बरेच जण विचारतात, घरचे पण आणि ऑफिसमधले पण, की तू त्या पडक्या वाड्यांची चित्रं कसली काढत बसतेस, पावसाळ्यात अंजनेरीला जा, ब्रह्मगिरी बघ, काय हिरवंगार असतं सगळं. असतंच की. मी जाते पण तिकडं, डबा घेऊन जाते, मजा येते, पण परत येते तेव्हा हातात चित्र नसतं. माझं चित्र भांडी बाजाराच्या मागच्या बोळात सुरू होतं, जिथं गटाराची जाळी आहे, डोक्यावर वायरींचा गुंता आहे आणि एका बाजूची भिंत पोट सुटल्यासारखी पुढं आलीये. असं का, ते आज जमेल तसं सांगते.

मी आर्ट स्कूलला गेलेली नाही. काम म्हणून लेबलं आणि खोक्यांची डिझाइनं करते, मसाल्यांची, लोणच्यांची, दिवसभर कॉम्प्युटरवर. वॉटरकलर सुरू करून नऊ वर्षं होतील. त्यातली पहिली चार वर्षं मी नेटवरचे फोटो बघून चित्रं काढली. तळं, तळ्यात डोंगराचं प्रतिबिंब, काठाला एक लाकडी होडी. लव्हेंडरची शेतं. मी आयुष्यात लव्हेंडरचं शेत बघितलेलं नाही, तिथली माती पायाला कशी लागते, वास कसा येतो, दुपारी तिथं कोण असतं, काही म्हणजे काही माहीत नाही, पण जांभळे पट्टे ओढत होते. चित्रं बरी व्हायची, लोकांना आवडायची, दोन-तीन नातेवाइकांच्या हॉलमध्ये लागली पण आहेत. पण माझी मला ती आठवायची नाहीत. सहा महिन्यांनी समोर आलं की हे आपण काढलंय का असं वाटायचं. ह्याचा मला खरंच त्रास व्हायचा, आणि कुणाला सांगणार, चित्र तर छान दिसतंय ना मग तक्रार कसली.

मग तो कल्हईचा दिवस आला.

आईचं एक मोठं पितळी पातेलं आहे, दरवर्षी श्रावणाच्या आधी ती त्याला कल्हई करून घेते. त्या वर्षी तिचा गुडघा धरला होता म्हणून मी घेऊन गेले. आता कल्हईवाले फार राहिले नाहीत, भांडी बाजाराकडं एक बसतात, त्यांनी पातेलं ठेवून घेतलं आणि म्हणाले पाऊण तास लागेल ताई, पुढं दोन घागरी आहेत. मी तिथंच उभी राहून बघत होते, भांडं भट्टीवर तापवतात, नवसागर टाकला की भप्पकन पांढरा धूर येतो आणि मग कथील लावून कापसाच्या बोळ्यानं असा हात फिरवतात की काळंमिट्ट भांडं आतून चांदीसारखं होतं, हे मला लहानपणापासून कितीही वेळ बघायला आवडतं. आणि तेवढ्यात पाऊस आला, तिरका, जोराचा. मी पळत समोरच्या बोळातल्या एका वाड्याच्या देवडीत जाऊन उभी राहिले.

समोर हातभर अंतरावर भिंत होती. दुसरं बघायला काही नव्हतं आणि फोनची बॅटरी गेली होती, म्हणून भिंत बघत राहिले.

पोपडे सुटले होते. सगळ्यात वर फिकट गुलाबी डिस्टेंपर, तो जिथं गळून पडला होता तिथं खाली पिस्त्यासारखा हिरवा, हिरव्याच्या खाली पिवडीचा पिवळा, पिवळ्याच्या खाली निळसर पांढरा चुना, आणि तो चुना मात्र एका थराचा नव्हता, पापुद्र्यावर पापुद्रा, कांद्यासारखा, मी कडेनं मोजले तर आठ भरले. म्हणजे आठ दिवाळ्या तरी कुणीतरी इथं कुंचा फिरवलाय. आणि सगळ्यात आत मातीचा गिलावा, त्यात गवताच्या काड्या अजून जशाच्या तशा दिसत होत्या. प्रत्येक पोपड्याची कड जराशी वर वळलेली, तिच्या खाली केसाएवढी बारीक सावली. बाहेर अंगणात साचलेल्या पाण्यावरून उजेड उडून त्या भिंतीवर हलत होता. आणि पिवळ्या थरावर, साधारण माझ्या खांद्याच्या उंचीला, पेन्सिलीनं एकाखाली एक लिहिलेलं: १ शेर, १ शेर, अर्धा, खाडा, १ शेर. दुधाचा हिशोब! लिटर नाही, शेर. कुणीतरी रोज सकाळी दूध घेऊन हिशोब भिंतीवर मांडला, पुढं कधीतरी त्यावर हिरवा बसला, हिरव्यावर गुलाबी, सगळे विसरले, आणि मग ओल येऊन वरचे दोन्ही थर गळाले आणि तो खाडा परत उजेडात आला.

मला सांगता येणार नाही तेव्हा काय झालं. पर्समध्ये किराण्याचं बिल होतं, त्याच्या मागं बॉलपेननं मी ती भिंत काढायला लागले, पोपड्यांच्या कडा, नुसत्या कडा, नकाशातल्या किनाऱ्यासारख्या. पाऊस थांबलेला मला कळला नाही. कल्हईवाल्यांनी पोरगा पाठवला, ताई तुमचं पातेलं तयार आहे. ते बिल माझ्याकडं अजून आहे आणि ते चित्र मला डोळे मिटून आठवतं.

घरी येऊन त्या निळसर पांढऱ्याच्या मागं लागले. तो रंग काही केल्या जमेना. पांढऱ्यात कोबाल्ट निळा घातला तर थंडगार होतो, सेरुलियन निळा घातला तर हिरवट मारतो. शेवटी आईलाच विचारलं, ती म्हणाली अगं चुन्यात नीळ घालायचे ना, नुसता चुना पिवळट दिसतो म्हणून. आणि मग वाचलं तेव्हा कळलं की ती जुनी कपड्यांना घालायची नीळ पावडर म्हणजे अल्ट्रामरीन. माझ्या बॉक्समधल्या ट्यूबमध्ये जे पिगमेंट आहे तेच! हा निळा पूर्वी अफगाणिस्तानातल्या लाजवर्दी दगडापासून काढायचे आणि युरोपात तो सोन्याच्या भावानं जायचा, मग १८२० च्या दशकात फ्रान्समध्ये तो कारखान्यात करायची पद्धत सापडली आणि इतका स्वस्त झाला की पुडीत बांधून किराण्याच्या दुकानात मिळायला लागला. चुन्यात तो टिकतो पण, खराब होत नाही. म्हणजे बोळातल्या त्या वाड्यात दर दिवाळीला भिंतीला जो हात बसायचा त्यात हाच निळा होता. तसंच त्या पिवडीचं, पिवडी म्हणजे पिवळी माती, आणि ट्यूबवर लिहिलेलं यलो ऑकर पण मातीच. उंबऱ्याला लावतात तो गेरू आणि चित्रकारांचा लाल ऑकर, दोन्ही लोखंडाच्या गंजानं लाल झालेली माती. इतकी वर्षं मी हे रंग परदेशी नावांनी ओळखत होते आणि ते माझ्या गावच्या भिंतीला होते.

अजून एक. अल्ट्रामरीनची एक सवय असते, खडबडीत कागदावर पाण्यात सोडला की त्याचे कण कागदाच्या खळग्यांत जाऊन बसतात, रंग दाणेदार दिसतो. आधी मला ते आवडायचं नाही, आकाश डागाळल्यासारखं व्हायचं. पण भिंत काढताना तेच हवं असतं. ३०० जीएसएमचा कोल्ड प्रेस म्हणजे जाड, खडबडीत कागद, भरपूर पाणी, अल्ट्रामरीन आणि त्यात टोचलेला थोडा तपकिरी बर्न्ट सिएना, मग हात लावायचा नाही, आपोआप वाळू द्यायचं. तो चुना होतो. अक्षरशः होतो. पोपड्याची कड मी नंतर ड्राय ब्रशनं काढते, ब्रश जवळजवळ कोरडा करून आडवा धरून.

तेव्हापासून रविवारी सकाळी मी गंगेवर जाते (बाहेरच्यांना सांगते, आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो) आणि तिथून चढून वर गावात शिरते. सराफ बाजार, तांबट लेन, दहीपूल, भद्रकाली, असं कुठंही. इतक्या सकाळी दुकानं बंद असतात, सराफ बाजारात झारेकरी मात्र असतात, दुकानांसमोरची धूळ झाडून गोळा करतात आणि ती धुऊन त्यातून सोन्याचे कण काढतात. त्यांच्या शेजारी मी माझं स्टूल मांडते. आता ओळख झालीये.

वाड्यांबद्दल मला शून्य माहिती होती, ती बसून बसून होत गेली. दगडी जोतं, त्यावर सागवानी खांब, खांबाखाली दगडाचा तळखडा म्हणजे लाकडाला जमिनीची ओल लागू नये, वर तुळया, तुळयांवर कडीपाट म्हणजे माडीची लाकडी जमीन, आणि मधे चौक. सगळं वजन खांब आणि तुळयांवर. म्हणून भिंत ढासळली तरी वाडा लगेच पडत नाही, सांगाडा धरून ठेवतो. पण खांब कुजला की गेलं. आणि कुजतो कसा, ते पण बसल्या जागी दिसतं. पत्रा किंवा कौल सरकतं, पाणी तुळईच्या टोकाला पोचतं, ते टोक भिंतीत गाडलेलं असतं म्हणून कुणाला दिसत नाही, मग वाळवी. खालून जोत्यातून ओल वर चढते, पाण्याबरोबर क्षार वर येतात, पाणी उडून जातं आणि क्षार तिथंच फुलतात, तोच लोणा, तो आतून ढकलून गिलावा पाडतो. मला सगळ्यात वाईट वाटतं ते सिमेंटचं. कुणीतरी चांगल्या मनानं, खर्च करून, मातीच्या भिंतीला सिमेंटचं प्लास्टर करून घेतं, की आता पोपडे पडायला नकोत. चुना श्वास घेतो हो, सिमेंट घेत नाही, आतली ओल आतच कोंडते आणि माती भिजून लगदा होते. बाहेरून भिंत गुळगुळीत आणि मग एक दिवस आख्खी खाली. आणि पिंपळ! पिंपळाची फळं खाऊन पक्षी भिंतीवर बसतात, विष्ठेतून बी फटीत पडतं, आणि चुन्याच्या सांध्यात जेवढी ओल आहे तेवढ्यावर ते वाढतं. मुळं सांध्यासांध्यांतून जातात. मी एका भिंतीवरचा पिंपळ चार वर्षं काढतीये, पहिल्या चित्रात चार पानं आहेत.

आता टेकूचं सांगते, त्यासाठीच हे सगळं चाललंय.

ज्या देवडीत मी पहिल्यांदा उभी राहिले त्या वाड्यात एक काका राहायचे, भाडेकरू, त्यांच्या वडिलांच्या वेळेपासून. नाशिकरोडला नोटांच्या प्रेसमधून रिटायर झालेले. त्यांचं काम नोटांचे छापलेले शीट तपासायचं होतं, कुठं रेघ तुटली, कुठं शाई सांडली, नंबर वाकडा आला, की शीट बाजूला. तीस-पस्तीस वर्षं तेच केलं. मी त्यांच्या चौकात बसून ओसरीचं मोठं चित्र केलं, तीन रविवार लागले. सुरूच्या झाडासारखे खांब, वरची कोरलेली केळफुलं, दारावरची गणेशपट्टी, चौकात तिरपं उतरलेलं ऊन. मला ते माझं सगळ्यात चांगलं चित्र वाटत होतं. काकांना दाखवलं. त्यांनी चष्मा बदलला, चित्र उजेडाकडं धरलं आणि डावीकडून उजवीकडं, वरून खाली, असं बोट न लावता बघत गेले, बराच वेळ. मग म्हणाले, "तिसऱ्या खणात टेकू आहे. तो कुठंय?"

होता ना. खण म्हणजे दोन खांबांमधली जागा, तिथं तुळई मधोमध वाकली होती म्हणून कुणीतरी तिथं एक लोखंडी पाइप उभा केला होता, खाली विटेवर, वर फळीचा तुकडा ठोकून, पाइपाला अर्धवट निळा ऑइलपेंट. दिसायला बरा नव्हता म्हणून मी तो सोडून दिला होता. मी तसं म्हणाले पण, काका तो चित्रात बरा दिसत नाही. ते म्हणाले, "बरा दिसत नाही खरं. पण तुम्ही तो काढून घेतलात तर ती तुळई खाली येईल. तुमच्या चित्रात ती कशावर उभी आहे?"

मग त्यांनी बाकीचं पण सांगितलं, रागावून नाही, तपासल्यासारखं. मीटरचा बोर्ड नाही. चौकातली पाण्याची टाकी नाही. सायकल नाही. शेजारच्या वहिनींची दोरी आणि दोरीवरचे कपडे नाहीत. माडीवरच्या गळक्या जागेवरचं ताडपत्रीचं टोक नाही. आणि खांबाला गुंडाळलेली केबल नाही. "हे सगळं काढलं तर मग इथं कोण राहतं?"

मी घरी येऊन ते चित्र भिंतीला टेकवून ठेवलं आणि खूप वेळ बघत बसले. त्यांचं सगळं खरं होतं. मी लव्हेंडरच्या शेतातून उठून वाड्यात आले होते पण काम तेच करत होते, जे आवडेल तेवढंच ठेवायचं आणि बाकीचं पुसायचं. कॉम्प्युटरवर रोज लेबलांसाठी मिरच्यांचे फोटो साफ करते ना, डाग काढते, देठ सरळ करते, तसाच मी वाडा साफ केला होता.

दुसरं चित्र केलं. पाच रविवार लागले. टेकूला सगळ्यात जास्त वेळ दिला, त्याचा निळा, गंज, फळीच्या तुकड्यावरचे खिळे, विटेची झिजलेली कड. मीटरच्या बोर्डात पाच मीटर, त्यातल्या एकाची काच फुटलेली, त्यावर चिकटपट्टी. आणि आश्चर्य म्हणजे चित्रच उभं राहिलं. त्या टेकूच्या सरळ रेघेमुळं वाकलेली तुळई वाकलेली दिसायला लागली, आधीच्या चित्रात ते वजन जाणवतच नव्हतं. दोरीवरच्या कपड्यांमुळं ऊन कळलं. वायरी काढायला मी खास बारीक लांब केसांचा रिगर ब्रश आणला, आता वायरी काढायला मला इतकं आवडतं, त्या दोन खिळ्यांच्या मधे जो झोका घेतात ना तो एका दमात काढायचा असतो, हात थांबला की वायर मेली.

ह्याच्यानंतर मला सगळीकडंच दिसायला लागलं. वाडाच पाहिजे असं नाही. आमच्या सोसायटीच्या मागची भिंत, जिथं पाइपातून पाणी झिरपून शेवाळ्याचा लांब त्रिकोण झालाय. सीबीएस बसस्टँडचा बाक. बुधवारच्या बाजारात घाटावर जी पालं लागतात, त्यांच्या निळ्या-केशरी कापडातून खाली कांद्यांवर पडलेला रंगीत उजेड. रसवंतीच्या चरकाचं चाक. मोरीतला तांब्या आणि त्याच्या बुडाखाली फरशीवर उठलेलं वर्तुळ. मी हे सगळं छोट्या वहीत काढते, पोस्टकार्डाएवढं, दहा मिनिटांत.

मग मी बघायला लागले की हे आधी कुणी केलंय का, तर आपल्याकडं किती जणांनी केलंय! प्रभाकर बरवे, आपल्या कोकणातल्या नागावचे, घड्याळ, झाडाचं पान अशा साध्या साध्या वस्तू घेऊन त्यांनी आयुष्यभर चित्रं केली आणि ती पण पुष्कळदा इनॅमल पेंटनं, जो आपण दाराला लावतो. त्यांची वस्तू हवेत एकटी असते आणि आपण ती जन्मात पहिल्यांदा बघतोय असं वाटतं. सुधीर पटवर्धन ठाण्यात डॉक्टर होते, रेडिओलॉजिस्ट, दिवसा एक्स-रे बघायचे आणि ठाण्या-मुंबईतले रस्ते, पूल, चाळी, कामावरून परतणारी माणसं रंगवायचे. त्यांच्या चित्रातल्या इमारतींकडं बघताना मला काकांची आठवण येते, काही सोडलेलं नसतं. आणि पुण्याचं केळकर म्युझियम, तिथं मी लहानपणी शाळेच्या ट्रिपला गेले होते तेव्हा कंटाळले होते, दोन वर्षांपूर्वी परत गेले आणि संध्याकाळपर्यंत बाहेर आलेच नाही. दिनकर केळकरांनी मुलाच्या, राजाच्या आठवणीत ते उभं केलं, आणि जमवलं काय तर अडकित्ते, दिवे, दौती, पाय घासायच्या वज्री, पडलेल्या वाड्यांचे दरवाजे आणि खिडक्या. ज्या वस्तू लोक जुन्या बाजारात टाकून देत होते. आमच्या नाशकात तर जलरंगाची मोठी परंपरा आहे, शिवाजी तुपे सरांनी हा घाट आणि ही देवळं इतकी काढलीत की नारोशंकराच्या देवळासमोर ब्रश उचलताना आधी त्यांना मनात नमस्कार करते.

पण एक गोष्ट मला बोलायचीच आहे. पडक्या घरांचे फोटो हल्ली खूप फिरतात, काय मूड आहे, काय टेक्स्चर आहे, आणि खाली कुणी विचारत नाही की आत कोण झोपतं. ज्या ओलीचा रंग मला आवडतो ती ओल काकूंच्या दम्याला कारण होती. १९४७ च्या भाडेकायद्यानं भाडी गोठली, पुढं १९९९ चा नवीन कायदा आला तरी जुन्या भाडेकरूंची भाडी फारशी हलली नाहीत, काही वाड्यांत महिन्याला आजही चहा-नाश्त्याच्या पैशात भागेल एवढंच भाडं आहे, मग मालक कौल का बदलेल, आणि भाडेकरू म्हणतो घर माझ्या नावावर नाही, मी का खर्च करू. दोघांचं पण बरोबर. मधे पाणी तुळईत मुरत राहतं. दर पावसाळ्यात जुन्या नाशकात एखादा तरी वाडा किंवा भिंत पडते, बातमी येते, आणि मी आधी बोळाचं नाव वाचते. त्या देवडीच्या भिंतीवर गुडघ्याच्या वर एक तपकिरी रेघ होती, आणि तिच्या वर एक अजून फिकट. काका म्हणायचे खालची २०१६ ची, वरची २००८ ची. दोन्ही वर्षी गंगेला पूर आला होता. गंगेवर तो दुतोंड्या मारुती आहे ना, पात्रातच उभा असलेला मोठा पुतळा, पाणी त्याच्या कमरेला लागलं का छातीला लागलं ह्यावर आम्ही पूर मोजतो, तर त्या वाड्यातले लोक मारुतीच्या कमरेला पाणी लागलं की धान्याचे डबे माडीवर चढवायचे. ह्या रेघा मी चित्रात घेते आणि ज्यांना चित्र देते त्यांना कसली रेघ आहे ते सांगते.

आणि कुणी नवीन जाणार असेल तर कृपा करून विचारल्याशिवाय आत शिरू नका, माडीवर तर जाऊच नका. एकदा एका रिकाम्या वाड्यात मी खिडकीतून चांगला अँगल मिळेल म्हणून वर गेले आणि कडीपाटातून माझा पाय मांडीपर्यंत खाली गेला. तुळई हाताशी होती म्हणून वाचले. सात टाके पडले. तेव्हापासून मी देवडी, ओसरी आणि रस्ता, एवढ्यातच बसते, आणि जून ते सप्टेंबर फक्त रस्त्यावर, समोरच्या बाजूला.

काकांचा वाडा ह्या जानेवारीत उतरवला. पडला नाही, उतरवला, मालक आणि भाडेकरूंचं शेवटी जमलं आणि सगळ्यांनी शांतपणे जागा सोडली. काका मुलाकडं गेले जेलरोडला, तिसऱ्या मजल्यावर. दुसरं चित्र मी त्यांना दिलं, टेकूवालं. त्यांनी परत चष्मा बदलून तपासलं आणि ह्या वेळी नुसती मान हलवली, आणि काकूंना हाक मारून मीटर दाखवला, हा बघ आपला, चिकटपट्टीवाला.

वाडा उतरवताना मी दोन शनिवार सुट्टी काढून गेले होते. खांब सुट्टे करून दोरानं खाली घेतात, लाकडाचे व्यापारी तिथंच मोजमाप करतात, जुन्या सागवानाला भाव आहे. दुधाच्या हिशोबाची भिंत माझ्यासमोर गेली. एका पोपड्याचा तुकडा मी उचलून आणलाय, टेबलावर काचेच्या डब्यात आहे, कडेनं बघितलं की आठही थर दिसतात.

आणि मग राडारोडा उचलला गेला तेव्हा शेजारच्या इमारतीची भिंत उघडी पडली. दोन्ही घरांची ती सामाईक होती. आणि त्या भिंतीवर काकांचा आख्खा वाडा आहे! तळमजल्याचा गुलाबी चौकोन, त्यावर जिथं तुळया घुसल्या होत्या तिथं काळी भोकं ओळीनं, त्याच्यावर माडीच्या दोन खोल्या, एक हिरवी आणि एक निळी, मधल्या भिंतीची जाड रेघ, डावीकडून वर जाणारी जिन्याची नागमोडी खूण, चार कोनाडे, एका कोनाड्यात दिव्याच्या काजळीचा काळा डाग, आणि देवघराच्या जागी हळदी-कुंकवाची पाच बोटं अजून लाल. आत उभं राहून इतकी वर्षं जे एका वेळी कधीच दिसलं नाही ते सगळं आता रस्त्यावरून एकदम दिसतं.

गेल्या रविवारी मी तेच काढत बसले होते. मोठा फुल शीट घेतलाय, अर्धा झालाय. पावसाळ्याच्या आधी शेजारचे त्या भिंतीला पत्रा ठोकणार आहेत, ठोकायलाच पाहिजे, उघडी राहिली तर त्यांची भिंत भिजेल. म्हणजे माझ्याकडं चार-पाच रविवार आहेत. माडीवरच्या निळ्या खोलीचा निळा मला अजून सापडत नाहीये, तो चुन्यातल्या निळीचा नाही, ऑइलपेंट असावा, आणि त्याच्या मधोमध एक फिकट चौकोन आहे, तिथं काय टांगलेलं होतं कळत नाही. काकांना फोन केला. म्हणाले ती आमचीच खोली, तो चौकोन आरशाचा, आणि मी येतो येत्या रविवारी रिक्षा करून, पण तुम्ही सातला नका बसू, निळा आठ वाजता बघा, आठला त्या खोलीत ऊन यायचं.